सायकल रात्री कुठे उभी असते?

रविवारी नरिमन पॉइंटला एनसीपीए नाट्यगृहासमोर कठड्यावर बसून चहा पिताना तुम्ही तुमच्या सायकलीबद्दल प्रश्न टाकलात आणि कप रिकामा व्हायच्या आत तुम्हाला सहा उत्तरं मिळाली. मी तेव्हा बोललो नाही. सहा जण बोलत असताना सातव्याने तोंड उघडलं तर ऐकणाऱ्याचं डोकं फिरतं, शिवाय माझं उत्तर एका कटिंगमध्ये मावणारं नव्हतं. ते आता निवांत लिहितो.

आधी तुमचं म्हणणं मला बरोबर कळलंय का बघा. हायब्रिड सायकल, चौदा महिन्यांची, पुढे तीन आणि मागे आठ गिअर, केबलचे डिस्क ब्रेक. राहायला माहीमला. आठवड्यातून तीन दिवस सायकलने बीकेसीला ऑफिस, रविवारी आमच्याबरोबर नरिमन पॉइंट. पाऊस सुरू झाल्यापासून चेन एका रात्रीत नारिंगी होते, गिअर मधेच उडी मारतो, मागचा ब्रेक किंचाळतो आणि पायडल मारताना कुठून तरी ‘टक’ असा आवाज येतो. दुकानात दाखवलीत तर त्यांनी चेन, मागची कॅसेट (मागच्या चाकावरचा आठ दातेरी चक्रांचा गठ्ठा) आणि पुढची क्रँक (पायडलचे दांडे आणि त्यांच्याबरोबर फिरणारी चक्रं) असं सगळं बदलायला सांगून साडेसात हजारांचा आकडा काढला. तुमचा प्रश्न: द्यायचे का?

इतक्यात देऊ नका. का ते सांगतो, पण त्याआधी ती सहा उत्तरं.

बँकेतले साहेब म्हणाले, डिझेलने धुऊन काढा. डॉक्टर म्हणाले, तेलाचा नाद सोडा, मेण वितळवून चेन त्यात बुडवा. मुलुंडच्या जोडप्याने डब्ल्यूडी-४०चा स्प्रे मारायला सांगितलं. एकाने खोबरेल सुचवलं, एकाने गॅरेजमधलं इंजिन ऑइल. आणि आमच्यातला सगळ्यात तरुण गडी म्हणाला, काही करू नका, चालती सायकल गंजत नाही. गंमत अशी की सहापैकी एकही जण थापा मारत नव्हता. प्रत्येकाने आपापल्या सायकलीबद्दल खरं तेच सांगितलं. डॉक्टरांची सायकल ठाण्यात बाराव्या मजल्यावर, एसीच्या खोलीत भिंतीला टांगलेली असते आणि पावसाळ्यात उंबरठा ओलांडत नाही. साहेब आरेच्या चिखलात जातात. खोबरेलवाल्यांची सायकल बिनगिअरची आहे. तो तरुण रोज साठ किलोमीटर मारतो, त्याच्या चेनला गंजायला सवडच मिळत नाही, त्याआधी ती झिजते. त्यामुळे अशा गप्पांत कुणी सल्ला दिला की मी मनात एकच विचारतो: याची सायकल रात्री कुठे उभी असते?

तुमची उभी असते तळमजल्याच्या पार्किंगमध्ये, समुद्रापासून दोन गल्ल्या सोडून, वर प्लास्टिकचं कव्हर घालून. तुमच्या दुखण्याचं निम्मं मूळ तिथे आहे.

स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवा. मे महिन्यात मीठ मोकळं असतं, जूनचा पहिला पाऊस झाला की ओलं होतं, म्हणून आपण त्यात तांदळाचे दाणे टाकतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतः त्यात विरघळायला लागतं. मुंबईत पावसाळ्यात हवा बहुतेक वेळ त्या रेषेच्या वरच असते. आता माहीमच्या हवेतून, मरीन ड्राइव्हला भरतीच्या तुषारांतून जे मीठ तुमच्या चेनवर बसतं ते तिथे तेच करतं. पाऊस पडो न पडो, चेनवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर रात्रभर तसाच असतो, आणि लोखंडाला गंजायला याहून सोयीचं दुसरं काही नाही. वरून कव्हर घातलं की वारा बंद, ओल आतच. ते कव्हर उन्हाळ्यात धुळीसाठी ठीक आहे, पावसाळ्यात काढून टाका. अगदीच हवं असेल तर सीटवर पिशवी बांधा. शक्य असेल तर सायकल घरात घ्या. लिफ्टमध्ये हँडल वर करून, मागच्या चाकावर उभी केली की मावते. वॉचमन आणि सेक्रेटरी यांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा, त्यात माझा अनुभव चांगला नाही.

दुसरी गोष्ट, पाण्याची भीती सोडा. मरीन ड्राइव्हला लाट अंगावर आली असेल तर घरी येऊन सायकलीवर गोडं पाणी ओतायलाच हवं. दोन मग पाणी वरून, हलक्या हाताने, मीठ वाहून जाण्यापुरतं. महापालिका दर पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस जाहीर करते. त्या दिवशी समुद्राच्या बाजूने गेलात तर हे मग चुकवू नका. मोटारसायकली धुतात तसला जोराचा फवारा मात्र नको. तो पाणी बेअरिंगमध्ये आत ढकलतो, आणि आत गेलेलं पाणी तुम्हाला दिसत नाही.

आणि मग पुसणं. हेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय. जुना सुती बनियन घ्या, नवं पिवळं फडकं नको, ते पाणी शोषत नाही, नुसतं इकडचं तिकडे करतं. चेन बनियनमध्ये धरून पायडल उलटं वीस-तीस फेरे फिरवा. मग रिम, स्पोक, ब्रेकच्या केबल, सीटखालचा दांडा. पाच मिनिटं लागतात. परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये मी फिटर होतो, तिथे नवीन पोराला पहिले काही आठवडे नुसतं पुसायला लावायचे. आम्हाला तो अपमान वाटायचा. नंतर कळलं की पुसताना हात प्रत्येक नटावरून जातो, आणि ढिला झालेला नट, तुटायला आलेला स्पोक, टायरमध्ये रुतलेली काच हे सगळं डोळ्याआधी हाताला लागतं. तुमच्या मागच्या चाकाचा एक स्पोक ढिला आहे. रविवारी सायकल कठड्याला टेकवताना माझा हात त्यावरून गेला, म्हणून सांगतो.

आपल्याला चहा देणाऱ्याची काळी सायकल बघितलीत? दोन्ही बाजूंना थर्मास, मागे पाण्याचा कॅन, रॉडचे ब्रेक. तुम्ही त्याला विचारलंत, सर्व्हिसिंग कधी करतोस, तर तो हसला. तुम्हाला वाटलं, मग माझीच सायकल का रडते? कारण दोघींची जात वेगळी. त्याच्या चेनची आतली रुंदी एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटरहून थोडी जास्त. ती जाड चेन एकाच चक्रावरून सरळ रेषेत फिरते आणि तिच्यावर पत्र्याचं झाकण असतं. तुमची चेन त्याहून बारीक, आठ चक्रांवर डावी-उजवीकडे वाकत चालणारी आणि सगळी उघडी. त्याच्या सायकलीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी तिला कळत नाही. तुमच्या सायकलीत तेवढ्यानेच गिअर बिघडतो. तो गिअरच्या सोयीचा मोबदला आहे, त्याबद्दल कंपनीला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

आता तेल. तेल चेनवर घालायचं नसतं, चेनच्या आत घालायचं असतं. चेनची प्रत्येक कडी पिनेवर फिरते, पिनेभोवती रोलर असतो, आणि घर्षण होतं ते तिथे. बाहेरून चकचकीत तेलकट दिसणारी चेन आतून कोरडी असू शकते. म्हणून सायकल उभी करून चेनच्या खालच्या लांबीवर, आतल्या बाजूने, एका रोलरवर एक थेंब असं टाकत जा. तुमच्या चेनला ११६च्या आसपास कड्या असतील, म्हणजे तेवढेच थेंब. मग पायडल उलटं फिरवा आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी बाहेरचं सगळं तेल पुसून काढा, अगदी कंजूषपणे. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं, आणि मेट्रोच्या कामांनी मुंबईत जी बारीक सिमेंटची पूड उडते ती तेलात मिसळली की पॉलिश पेपरासारखी चेन घासते. तेल रात्री घाला, निघायच्या आधी नको. घाईत घातलेलं तेल पॅन्टवर आणि ब्रेकवर जातं.

कुठलं तेल? पावसाळ्यात सायकलच्या दुकानात ‘वेट’ म्हणून जे घट्ट तेल मिळतं ते. ते मळतं, पण पाण्याने निघून जात नाही. ऑक्टोबर ते मे पातळ तेल चालतं. शिलाई मशीनचं तेलही मी वर्षानुवर्षं वापरलंय, त्यात वाईट काही नाही, फक्त दर दीडशे-दोनशे किलोमीटरला पुन्हा घालावं लागतं आणि एका पावसात ते धुऊन जातं. खोबरेल घालू नका. ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, डिसेंबरच्या पहाटे बाटलीत गोठतं तसंच चेनमध्येही, आणि जुनं झालं की चिकट होतं. गॅरेजमधलं वापरलेलं इंजिन ऑइल तर नकोच, त्यात झिजलेल्या इंजिनाचा धातू असतो. मेण ही खरोखर उत्तम गोष्ट आहे. चेन स्वच्छ राहते, पांढरी पॅन्ट घालून ऑफिसला जाता येतं. पण मेण गंजापासून फारसं वाचवत नाही, पावसात भिजलेली मेणाची चेन दुसऱ्या दिवशी लाल दिसते. डॉक्टरांना चालतं, माहीमला नाही चालणार. डिझेल चेन धुवायला ठीक, पण ते स्वतः एक तवंग मागे ठेवतं. ते पूर्ण सुकायच्या आत तेल घातलं तर ते तेलही पातळ होऊन जातं. रॉकेल त्याहून बरं होतं, पण आता मुंबईत रॉकेल शोधायचं म्हणजे पुन्हा रेशनच्या रांगेच्या गोष्टी आल्या.

राहिलं डब्ल्यूडी-४०. त्याच्या नावातच त्याचं काम आहे: वॉटर डिस्प्लेसमेंट, म्हणजे पाणी हटवणं, आणि त्यासाठीचा चाळिसावा प्रयोग. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या एका छोट्या कंपनीने ते बनवलं आणि अॅटलस क्षेपणास्त्राच्या पातळ पत्र्याला गंज चढू नये म्हणून ते वापरात आलं. पावसातून आल्यावर चेनमधलं पाणी बाहेर काढायला ते झकास. पण ते टिकणारं वंगण नव्हे. ते मारलं की तासाभराने खरं तेल घालावंच लागतं, नाहीतर चेन आधीपेक्षा कोरडी. शिवाय त्याचा फवारा कुठे जाईल सांगता येत नाही, आणि इथेच तुमच्या ब्रेकचं उत्तर आहे. तुम्ही स्वतःच म्हणालात की मागच्या आठवड्यात स्प्रे मारला, आणि ब्रेक किंचाळायला लागला तोही त्याच आठवड्यात. मागची डिस्क चेनच्या जवळ असते, फवाऱ्याचे दोन शिंतोडे पुरतात.

डिस्क केमिस्टकडे मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दोन्ही बाजूंनी, नव्या स्वच्छ कपड्याने. बनियनने नाही, तो आता तेलकट आहे. ब्रेकची पॅड काढून त्यांचा वरचा थर बारीक पॉलिश पेपरवर घासा, पॅडचं मटेरियल एक मिलिमीटरच्या आसपास उरलं असेल तर बदलूनच टाका. तेल पॅडच्या आत मुरलं असेल तर घासूनही आवाज परत येतो. तेव्हा तीस-चाळीस वेळा घासत बसू नका, नवी पॅड घ्या. आणि हो, तुमच्यासारख्या बहुतेक केबलच्या डिस्क ब्रेकमध्ये एकाच बाजूचं पॅड हलतं. स्पोकच्या बाजूचं जागच्या जागी असतं, ते झिजत गेलं की अॅलन कीने डिस्ककडे सरकवावं लागतं. नुसती केबल ओढून ब्रेक घट्ट केला की डिस्क रोज थोडी वाकते.

आता साडेसात हजारांकडे येऊ. तुमचा हिशेब मी चहा पितानाच केला होता. आठवड्याचे साधारण साठ किलोमीटर, चौदा महिन्यांत साडेतीन हजार. एवढ्या अंतरात, तेही खाऱ्या हवेत, चेन संपत आली असेल हे शक्य आहे. कॅसेट नीट वापरली तर दोन-तीन चेन पुरते. क्रँकची चक्रं त्याहूनही जास्त. तेव्हा दुकानदार चेनबद्दल बहुधा बरोबर असेल, बाकीच्याबद्दल त्याने मोजून दाखवावं. आणि मोजायला दुकानदार लागत नाही. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे २४ पिना गेल्या की बरोबर १२ इंच व्हायला हवेत. शाळेची पट्टी बाराला संपते, म्हणून सुताराची टेप घ्या. चेन ताणून धरा, १ इंचाची खूण एका पिनेच्या मध्यावर ठेवा आणि १३च्या खुणेजवळ काय दिसतं बघा. पीन बरोबर खुणेवर असेल तर चेन ठणठणीत. खुणेच्या पुढे एक सोळांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटरभर गेली असेल तर फक्त चेन बदला, कॅसेट वाचली. एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटर गेली असेल तर उशीर झालाय, कॅसेटचे दातेही त्या लांबलेल्या चेनबरोबर झिजलेत आणि नवी चेन त्यावर घसरेल. लोक म्हणतात चेन ताणली जाते. पत्रा ताणला जात नाही, आतल्या पिना झिजतात आणि प्रत्येक कडीत केसाएवढी फट वाढते. म्हणून तर तेल आत घालायचं.

मोजल्यावरच ठरवा. दीड मिलिमीटर निघालं तर आठ गिअरची साधी चेन घ्या, फार महागाचं प्रकरण नाही.

गिअर उडी मारतो त्याला मला चेनपेक्षा केबलचा संशय जास्त आहे. मोठ्या चक्रावर चढायला कुरकुरत असेल तर केबल सैल झालीय. मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाला, जिथे केबल शिरते तिथे बोटाने फिरणारी एक टोपी असते, ती घड्याळाच्या उलट अर्धा फेरा फिरवा, एक राउंड मारा, लागलं तर आणखी अर्धा. रेडिओवर स्टेशन लावायचो तशी, बारीक बारीक. पण चढायला ठीक आणि लहान चक्रावर उतरायला आळशी असेल तर केबलच्या नळीत गंज आहे: ओढताना तुमचा अंगठा जोर लावतो, परत येताना फक्त डिरेलरची स्प्रिंग, तिला तो गंज जड जातो. त्याला तेल घालून उपयोग नसतो, आतली तार आणि नळी दोन्ही बदलायची. माहीमला दर पावसाळ्यानंतर. डिरेलरवरच्या दोन बारीक स्क्रूंना मात्र हात लावू नका. ते गिअर जुळवायचे नसतात, चेन चाकात किंवा फ्रेमवर पडू नये म्हणून लावलेली वेस असते. गाडी उजव्या अंगावर पडली होती का कधी? मग डिरेलर टांगलेला असतो तो हँगर वाकला असेल, ते दुकानातच सरळ करून घ्या.

टायरबद्दल थोडक्यात. बाजूवर छापलेली हवा बघा, तुमच्या ७०० गुणिले ३५च्या टायरला आणि तुमच्या वजनाला पन्नास-पंचावन्न पीएसआय पुरे, पावसात पाच कमी. पावसाळ्यात पंक्चर जास्त होतात कारण ओली काच रबरात सहज शिरते. ट्यूब काढलीत की भोकाची जागा वॉल्व्हपासून मोजून टायरमध्ये त्याच जागी आतून बोट फिरवा. ज्याने भोक पाडलं ते बहुतेक वेळा तिथेच असतं, मोटारीच्या टायरची केसासारखी तार तर हमखास. ती न काढता पॅच मारणाऱ्याला घरी पोचायच्या आत दुसरं पंक्चर मिळतं. सोल्यूशन लावलं की पाच मिनिटं थांबा, ओल्यावर पॅच टिकत नाही. आणि तुमचा वॉल्व्ह बारीक, प्रेस्टा आहे, रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पंपाला तो बसत नाही. पितळेचा छोटा अॅडॉप्टर मिळतो, तो वॉल्व्हवरच लावून ठेवा, खिशात ठेवलेला ऐन वेळी सापडत नाही.

पाणी साचलेल्या रस्त्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बीकेसीला जाता म्हणजे प्रसंग येणारच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी मी परळहून दुपारी चारला निघालो. हिंदमाताला छातीभर पाणी, किंग्ज सर्कलला त्याहून वाईट. सायकल सोडवेना, ढकलत, कधी पाण्याखालून ओढत रात्री शीवला पोचलो. पुढचे दिवस वीज नाही, पाणी नाही, सायकलीकडे कोण बघतो. आठव्या दिवशी मागचं चाक फिरेना. हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, उघडलं तर ग्रीस ताकासारखं पांढरं झालेलं आणि बेअरिंगचे छर्रे तपकिरी. मागे एका बाजूला पाव इंची नऊ छर्रे, पुढे तीन सोळांशचे दहा, सगळे बदलले, ते ज्यावर फिरतात ते कोनही बदलले. नागदेवी स्ट्रीटला छर्रे घ्यायला गेलो तर आधीच माझ्यासारखे चार जण उभे. तेव्हा हबपर्यंत पाणी आलं असेल तर आठ दिवस थांबू नका. त्याच आठवड्यात हब उघडून ग्रीस बदला, किंवा तुमच्या हबमध्ये बंद बेअरिंग असतील तर निदान चाक उचलून, बोटांनी फिरवून खरखर ऐका.

एरवी हे मोठं काम, म्हणजे हब, हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग), बीबी (क्रँकच्या मधलं बेअरिंग), केबल, वर्षातून एकदाच करायचं आणि तेही दसऱ्याच्या आठवड्यात. पाऊस ओसरलेला असतो, सायकल एरवीही धुवायची असते. वर्कशॉपमध्ये आम्ही खंडेनवमीला हत्यारं मांडायचो, पुजेआधी प्रत्येक पाना रॉकेलने धुतलेला असायचा. मी अजून तोच मुहूर्त पाळतो. सीटचा दांडा त्या दिवशी बाहेर काढून त्याला ग्रीस लावून परत घाला. अॅल्युमिनियमचा दांडा खाऱ्या हवेत फ्रेमला असा चिकटतो की नंतर करवतच लागते. झेंडूचा हार मात्र हँडलला घाला, मागे नको, गेल्या वर्षी डिरेलरच्या चाकातून मी अर्धा तास पाकळ्या काढत होतो.

राहिला तो ‘टक’. क्रँक बदलायला सांगितली ती बहुधा याच आवाजावरून. त्याआधी एक करा. पुढे मधल्या चक्रावर चेन ठेवा, सपाट रस्त्यावर एकसारखं पायडल मारा आणि उजवा पाय खाली आला की एक, असं मोजा. ‘टक’ प्रत्येक फेरीला एकदा येत असेल तर पायडल, क्रँकचा बोल्ट किंवा बीबी. सीटवरून उठून उभं राहिल्यावर बंद झाला तर सीटचा दांडा. एका फेरीत दोन-तीनदा येत असेल तर चाकातलं काहीतरी, तो ढिला स्पोकही असू शकेल. आणि साधारण दर तिसऱ्या फेरीला येत असेल तर चेनची एक कडी गंजून आखडलीय. तुमच्या मधल्या चक्राला ३८ दाते असतील, चेनला ११६ कड्या, म्हणजे पूर्ण चेन एकदा फिरून यायला तीन फेऱ्या लागतात. ती कडी हाताने डावी-उजवीकडे दोनदा वाकवून तेलाचा थेंब टाकला की आवाज जातो. चेन आधी नारिंगी झाली आणि आवाज नंतर सुरू झाला, म्हणून माझी पैज या कडीवर आहे.

प्रत्येक फेरीला निघाला तर पायडल आधी आवळून बघू. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, अनोळखी हाताने तिथे नेहमीच्या दिशेने जोर लावला की आवळायच्या ऐवजी सुटतं. पान्याचं वरचं टोक पुढच्या चाकाकडे ओढलं की दोन्ही बाजूंचे पायडल आवळतात. त्याला १५ नंबरचा पातळ पाना लागतो, तुमच्याकडे नसेल. रविवारी मी आणतो. तुम्ही फक्त आकडा मोजून या, एक की तीन.